जावेचा कागद

पोलीस शिपायाने ओसरीत उभं राहून कोर्टाचा कागद मोठ्याने वाचला. निकेशने बायकोवर, म्हणजे दिव्यानीवर हात उचलायचा नाही. शिवीगाळ करायची नाही. तिला घराबाहेर काढायचं नाही, आणि ती राहते त्या समोरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मोडलं तर अटक. सासू शकुबाई भिंतीला टेकून ऐकत होती. थोरली सून गुलाब तांदूळ निवडता निवडता थांबली होती.

गुलाबला या घरात चौदा वर्षं झाली होती. निकेशचा थोरला भाऊ गुणवंता तिचा नवरा. हात उगारायला त्याला कारण लागत नसे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती माहेरी पळून गेली, तर बापाने दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीत बसवून तिला परत आणून सोडलं. दिव्यानीला येऊन तीनच वर्षं झाली होती. तिचा भाऊ पियुष मोटरसायकलवर आला, तिला तालुक्याला संरक्षण अधिकारी रश्मी मॅडमकडे घेऊन गेला आणि महिन्याभरात कागद हातात.

गुलाबला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दिव्यानी आता आतून दार लावून झोपायची. मोबाइलवर गाणी लावायची. निकेश अंगणातून खाली मान घालून जायचा. याच घरातला पुरुष, गुणवंताचाच सख्खा भाऊ, एका कागदाला घाबरला होता. ते पाहिलं की गुलाबच्या छातीत आग व्हायची. मी चौदा वर्षं काढली, मग हिलाच काय असं दुखलं?

एक दिवस गुलाबच्या दंडावरचा वळ पाहून दिव्यानी म्हणाली, "बाई, तुमी बी चला ना मॅडमकडे. मी येईन संगं."

"मले नको शिकवू," गुलाब म्हणाली. "आमाले घर सांभाळता येते."

त्या दिवसापासून ती दिव्यानीशी बोलेनाशी झाली.

भाताच्या रोवणीचे दिवस आले. सगळे बांधीत, चिखलात रोपं लावायला गेले होते. दिव्यानी तापाने घरीच पडून होती आणि गुलाब शेतावर न्यायची भाकर करत होती. निकेश मागच्या दाराने आला. स्वयंपाकघर आणि दिव्यानीची खोली यांच्यामध्ये एक दार होतं, आणि त्याला दोन्हीकडून कडी होती. सकाळी औषध द्यायला आलेल्या शकुबाईसाठी दिव्यानीने आपल्या बाजूची कडी काढून ठेवली होती. गुलाबच्या बाजूची मात्र लागलेली होती, आणि त्या दाराला पाठ टेकूनच ती चुलीपुढे बसली होती.

"वैनी, कडी काढ," निकेश म्हणाला. "तिच्याशी फक्त बोलाचं हाये."

निकेश बायकोशी कधी फक्त बोलला नव्हता, हे गुलाबला ठाऊक होतं. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि कडी काढली.

आतून पहिली किंचाळी आली. क्षणभर गुलाबला वाटलं, आता समजेल हिले. मग हाक आली.

"बाई! गुलाबबाई!"

तिने आईला हाक मारली नव्हती, भावालाही नाही. गुलाब आत धावली. निकेशने दिव्यानीचा हात पिरगाळला होता. गुलाब मध्ये घुसली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो शिव्या देत पळाला.

दिव्यानीने भावाला फोन केला. दुपारी पियुष आला, पोलीस आले, पाठोपाठ रश्मी मॅडम आल्या. दिव्यानीचा हात सुजून टम्म झाला होता.

"तो आत आला कसा?" मॅडमनी विचारलं.

"कडी निघाली असन," दिव्यानी म्हणाली.

गुलाब दारातच उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"निघाली नाई," ती म्हणाली. "म्या काढली."

दिव्यानीने तिच्याकडे वळून विचारलं, "काऊन, बाई?"

"मले तुयं सुख पाहावत नोतं."

दिव्यानीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गुलाबने पोलिसांपुढे हाच जबाब दिला. त्याच संध्याकाळी आदेश मोडला म्हणून निकेशला अटक झाली. भावाला आत टाकलं म्हणून गुणवंताने गुलाबला अंगणात, शेजाऱ्यांदेखत मारलं. कुणी मध्ये पडलं नाही. सकाळी ती एकटीच फाट्यापर्यंत चालत गेली, एसटीत बसली आणि तालुक्याला उतरली.

रश्मी मॅडमनी तिचा अर्ज लिहून घेतला. "मारहाण पाहिलेलं कोणी आहे?"

गुलाबला एकच नाव सुचलं. घरी येऊन ती समोरच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"येईन मी," दिव्यानी म्हणाली. हाताला प्लास्टर होतं. "सगळं पाह्यलं हाये मी. पण म्या तुमाले माफ केलं, असं समजू नका."

ती आली. कोर्टाच्या बाकावर दोघींमध्ये एका माणसाची जागा सोडून बसली, आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

गुलाबचा आदेश यायला अडीच महिने लागले. दिव्यानीचा महिन्यात आला होता, हे तिच्या मनातून जाईना. भाऊबीजेला पियुष बहिणीसाठी साडी घेऊन आला, तेव्हा गुलाब आडून बघत राहिली. आपल्यासाठी असं कोणी यायचं नाही, हे तिला पुन्हा टोचलं. ते टोचणं बहुधा जन्मभर राहणार होतं.

गुणवंताला आता गुलाब राहायची त्या मागच्या खोलीत यायची मनाई होती. गुलाबने तिथे आपलं ताट वाढून घेतलं. दाराकडे कान न देता ती गरम भात जेवली, आणि पोट भरलं तरी आणखी एकदा वाढून घेतला.