चंद्रभानची पावडर

दारावर गेरूने: डी.डी.टी. ९-७-६६

हा आकडा चंद्रभानच्या हातचा. मलेरिया खात्याची माणसं घर फवारून झालं की दारावर तारीख टाकत आणि बायांना बजावत, दोन-अडीच महिने भिंती सारवू नका, औषध झाकलं जाईल. नागपुरातल्या आपल्या घरावरही त्याने तारीख टाकली, नवाचं शेपूट नेहमीसारखं लांब ओढलं. पुढच्याच आठवड्यात भिवापूरकडे जाताना त्यांचा ट्रक नाल्यात उलटला आणि चंद्रभान त्यात गेला.

त्याची बायको मनकर्णा तेव्हा वीस वर्षांची. मांडीवर वर्षाची गोपिका.

खाकी सदरा खात्याने परत नेला. राहिला तो घासलेटचा एक डबा, चंद्रभानने उरलीसुरली पावडर आणून भरलेला. झाकण उघडलं की तो संध्याकाळी घरात शिरतानाचा वास. तेव्हा ती नाकाला पदर लावून त्याला न्हाणीकडे हाकलायची. आता ती झाकण उघडून नाक आत घाली.

दारावर: ६७, ६९, ७४. परक्या हातांचे आकडे.

दर उन्हाळ्यात भावाकडून गहू येई. शेजारणी कोठीत कडुनिंबाचा पाला घालत. मनकर्णा चंद्रभानची पावडर घाली, दोन मुठी. किडा लागत नाही, असं ती सांगे, आणि ते खरंही होतं. पण वर्षातून एकदा कोपरापर्यंत हात त्याच्या वासात बुडवायला मिळे, हे ती कोणाला सांगत नसे. भीती तिला कधी वाटली नाही. लोक फवारणीला बिचकले की चंद्रभान पावडरीचं बोट चाटून दाखवायचा.

दारावर: नवं काही नाही. साल १९८३.

गोपिका बाळंतपणाला माहेरी आली. मेडिकल कॉलेजमधल्या एक डॉक्टरीणबाई वस्तीतल्या ओल्या बाळंतिणींचं दूध तपासायला नेत होत्या. महिन्याने त्या परत आल्या आणि खाटेवर बसून हळू आवाजात सांगू लागल्या. वस्तीत सर्वांत जास्त डी.डी.टी. गोपिकाच्या दुधात निघालं होतं. डी.डी.टी. पोटात गेलं की त्याचं दुसरंच द्रव्य बनतं. ते मूळ औषधाहून चिवट, चरबीत मुरून बसतं, आईच्या दुधातून बाळात उतरतं. दूध तोडायचं नाही, पण हे येतं कुठून ते शोधायला हवं.

"माह्यात कुठून येईन बाई?" गोपिका म्हणाली. "मी तं कधी फवारा हातात धरला नाही."

मनकर्णा गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? डबा कोठीमागे होता. बाळ चुटूचुटू पीत होतं.

ती उठली आणि डबा ओढत बाहेर घेऊन आली.

"माय, तू हे गव्हात…"

"तुहा बाप चाटून दाखवे वं."

गोपिकाने बाळ छातीपासून दूर केलं, मग परत जवळ घेतलं.

मनकर्णा डॉक्टरीणबाईंकडे वळली. "वास तं याले राह्यलाच नाही. तीन सालापासून येत नाही. मंग विष कसं राहीन?"

"वास गेला तरी ते जात नाही, आजी."

डबा पोत्यात बांधून गेला. कोठीतला गहू दूर खड्ड्यात पुरला. निघताना मनकर्णाने डॉक्टरीणबाईंना दारात अडवलं.

"माहं रक्त पाहा न बाई."

तपासता येईल, पण त्यावर औषध नाही, असं त्या म्हणाल्या.

"औषध कोण मागून राहिलं? माह्यात किती हाय, तेवढं सांगा."

चिठ्ठी आली तेव्हा आकडा गोपिकाच्या कितीतरी पुढे होता. वर्षांमागून वर्षं हळूहळू उतरेल, असा धीर डॉक्टरीणबाईंनी दिला.

"सगळंच जाईन का?"

"नाही. थोडं शेवटपर्यंत राहील."

गोपिकाचे डोळे भरून आले. मनकर्णाने मान हलवली आणि चिठ्ठी मागून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. दारावरचा तेवढा नऊ ओळखीचा होता. चिठ्ठीतही एक नऊ होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

त्याचं शेपूट आखूड होतं.