कंप्युटरात हाय

"हरेशभाऊ, हा तांदूळ कोलम का जया?"

जगनने कंप्युटरचं कॅबिनेट उलटं करून टेबलावर दोनदा ठोकलं. आतून तांदळाचे दाणे, कुंकवाच्या खपल्या, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि उदबत्तीची एक अर्धी काडी बाहेर पडली.

"पूजेचा आहे," हरेश म्हणाला. "खंडेनवमीचा. थोडा गिऱ्हाइकांचा."

"मशिनच्या आत लगीन लावलंत काय?"

जगन उंबरमाळीकडच्या पाड्यावरचा. शहापुरात दुरुस्तीचं दुकान टाकून त्याला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्यात त्याचा माणसांबद्दलचा आदर संपला होता, यंत्रांबद्दलचा थोडा शिल्लक होता. त्याने बॅटरी लावून आत पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात तसं हरेशकडे पाहिलं.

"हार्डडिस्क गेली. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत. पंखा तर तुमच्या तांदळानं कवाच मेलाय. आता ह्याला दुरुस्त करायचा म्हंजे बाहेरचा पत्रा ऱ्हाईल, बाकी सगळा नवीन. नवाच घ्या."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं. बॅकअप नाय ठेवलात?"

बॅकअपसाठी हरेशच्या मुलीने, अक्षदाने, एकदा पेन ड्राइव्ह आणून दिला होता. त्यावर सध्या बेंजोची गाणी होती.

हरेशचं मुरबाडला, एसटी स्टँडच्या मागे, 'अक्षदा ग्राफिक्स' नावाचं दुकान आहे. बावीस वर्षं तो तिथे लग्नपत्रिका करतो. पत्रिकेत वर एक गणपती असतो आणि खाली नावं. लग्न कोणाचं आहे हे फारसं कोणी वाचत नाही. आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते मात्र चष्मा लावून वाचतात. काका पुतण्याच्या खाली गेला, तर काका लग्नाला येत नाही. येतो, पण जेवत नाही. जेवतो, पण पुढची दहा वर्षं ते बोलून दाखवतो.

या रोगावर तालुक्याने औषध शोधलं होतं: हरेशचा कंप्युटर. एका घराची नावं एकदा त्यात गेली की पुढच्या प्रत्येक लग्नाला त्याच क्रमाने बाहेर यायची. मेलेल्यांच्या मागे 'कै.' लागायचं, एवढाच बदल. भावकीतलं कोणी भांडायला आलंच, तर यजमान हात वर करायचा: "आमी नाय टाकली, कंप्युटरनं टाकली." ज्या माणसांनी आयुष्यात तलाठ्याला जुमानलं नाही, बायकोला तर नाहीच नाही, ती या उत्तरापुढे गप्प बसायची. कंप्युटरवर कोयती उगारणारा माणूस या खोऱ्यात अजून जन्मलेला नाही. कंप्युटरसमोर बसून बोटं झिजवणारा हरेश मात्र कोणाच्या खिजगणतीत नव्हता. पत्रिका ठरली की लोक नारळ यंत्रापुढे ठेवायचे आणि त्याला म्हणायचे, "जरा सरक रे."

फोन वाजला. धसईचे धाकलू गोजर. यांच्या घरातल्या तीन लग्नांच्या पत्रिका हरेशनेच केल्या होत्या.

"हरेश, आमच्या वैष्णवीचं जमलं. उद्या येतो. नावं तीच काढून ठेव."

"धाकलूदादा, मशिन दुरुस्तीला आणलंय. पण मी लिहून देतो ना. गोजरांची नावं मला पाठ असतील."

पलीकडे कोंबडा आरवला आणि त्याच्यावर धाकलूंचा आवाज चढला.

"तुज्या डोक्यातली नको रे बाबा. उद्या कोन रुसला तर काय सांगू? हरेशनं टाकली? तू कोन? कंप्युटरात हायेत तीच पायजेत. नायतर आमचा हर्षित बोल्तोय, मोबाइलवर फुकट होते पत्रिका."

फोन ठेवला गेला. हरेश टेबलावरच्या तांदळाकडे पाहत राहिला. बावीस वर्षांत त्याला नोकरी, बढती, सत्कार यातलं काही मिळालं नव्हतं. एक दुकान होतं, आणि त्या दुकानातला महत्त्वाचा इसम या क्षणी टेबलावर उघडा पडला होता.

"जगन," तो म्हणाला, "नुसता पंखा नि पुढची लाइट चालू होईल?"

"होईल. नवा पंखा बसवतो, दुसऱ्या मशिनचा सप्लाय लावतो. पन त्याचा उपेग काय? पंख्याची हवा खानार?"

"आवाज आला पाहिजे. घरघर."

जगनने मान हलवली. गिऱ्हाइकं वेडी असतात हे त्याला नवीन नव्हतं. इतकं स्पष्ट बोलणारं पहिलंच होतं.

परतीच्या बसमध्ये कॅबिनेट मांडीवर घेऊन हरेशने गोजरांची नावं मनात म्हणायला घेतली. किन्हवली यायच्या आत चौसष्टच्या चौसष्ट झाली, कैलासवासी धरून. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी आपल्या डोक्यात आपलं म्हणून काय उरलंय, असा प्रश्न पडला. तो त्याने मुरबाड येईपर्यंत लांबवला आणि मग उतरायच्या गडबडीत सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी धाकलू स्वच्छ टोपी घालून आले. पंखा घरघरत होता, हिरवा दिवा लागला होता. मॉनिटरचं तोंड नेहमीसारखं हरेशकडे होतं आणि त्यावर 'नो सिग्नल' अशी एक चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होती. मागच्या कापडी पडद्याआड अक्षदा लॅपटॉप घेऊन बसली होती. खरी पत्रिका तिथे होणार होती.

"झाला बरा?" धाकलूंनी यंत्राकडे बघून विचारलं, घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

"झाला." हरेशने कीबोर्डावर उगाच काही बटणं दाबली. "वाचतो. कै. गोविंद, कै. बाळी, श्री. धाकलू, श्री. जयराम, श्री..."

तो थांबला. धाकलूंचा चेहरा दगडासारखा झाला होता.

जयराम हा धाकलूंचा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून दोघांचं बिनसलं आणि नातवाच्या, अनिलच्या पत्रिकेतून धाकलूंनी त्याचं नाव इथेच, याच खुर्चीत बसून काढायला लावलं होतं. हरेशने काढलंही होतं. पण त्याच्या जिभेला क्रम पहिल्या पत्रिकेपासून पाठ झालेला. तिला ते कोणी कळवलं नव्हतं.

"त्याचं नाव काढलवतास ना?"

हरेशने पुन्हा दोन बटणं दाबली. चुकलो म्हणावं, तर दुकान संपलं. 'नो सिग्नल' डावीकडून उजवीकडे निघालं होतं. तो त्याच्यामागे डोळे फिरवत राहिला. समोरून पाहणाऱ्याला तो वाचतोय असंच वाटलं असतं.

"इथं आहे, दादा."

"नीट बघ."

"बघतोय. धाकलू, मग जयराम."

पंखा घरघरत राहिला. धाकलूंनी टोपी काढली, आत काही लिहिलंय का ते पाहिलं, परत घातली.

"कंप्युटरात हाय म्हंजे," ते म्हणाले, "मंग आमी काय करनार? कंप्युटरपुढं कोनाचं चालतंय?"

"नाही चालत."

"तर काय. मी कुटं बोलवतोय त्याला? पन नाव हाय म्हटल्यावर पत्रिका द्यायला जावं लागल." ते बाहेर स्टँडकडे बघत बोलत होते. "भावजयीला तब्येत कशी हाय ते पन इचारावं लागल. आता काय इलाज."

पुढची साठ नावं त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

निघताना त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. अक्षतांची चिमूट कपाळाला लावून कॅबिनेटवर टाकली आणि हात जोडले.

"जप ह्याला," त्यांनी हरेशला बजावलं. "मानसाच्या डोक्यात येवढं ऱ्हात नाय."

"हो दादा."

दाणे जाळीतून आत गेले, नव्या पंख्यावर टकटक वाजले. एक दाणा उडून हरेशच्या मांडीवर पडला. त्याने तो उचलला, जरा वेळ बोटांत धरला, आणि कॅबिनेटवर नेऊन ठेवला.