टकटकबाई

मावशीच्या टेबलावर दोन माऊस होते आणि गेल्या आठवड्यात तिने घाईत चुकीचा उचलला, तिथून सगळं सुरू झालं.

घशाच्या ऑपरेशननंतर मावशीचा आवाज कायमचा गेला होता. तरी ती दुसरीच्या वर्गाला शिकवत होती. लॅपटॉपवरची चित्रं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत. शेजारच्या टॅबलेटवर ती एकेक शब्द निवडून वाक्य जुळवी आणि टॅबलेट ते मोठ्याने बोले. तिची बोटं थरथरत, त्यामुळे टॅबलेटला नुसतं बोट लावून भागत नसे. एका शब्दावर टेकवायला जावं, तर ते शेजारच्यावर पडे. तळहात माऊसवर विसावला की मात्र हात स्थिर राही. म्हणून लॅपटॉपला एक माऊस आणि टॅबलेटला दुसरा.

त्या दिवशी तिला बोलायचं होतं आणि हातात आला लॅपटॉपचा माऊस. पडद्यावरची चित्रं भराभर पळाली, टॅबलेट गप्प, आणि मुलं हसून हसून बाकांवर आडवी. नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका दारात.

"बाई, गुरुवारी मी मागे बसून तास बघते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नसेल झेपत तर ग्रंथालय आहेच. तिथे बोलावं लागत नाही."

ते शेवटचं वाक्य मावशीला रात्रंदिवस टोचत राहिलं.

आज गुरुवार. मधल्या सुट्टीनंतर तास होता, आणि मावशी भाचीबरोबर शाळेसमोरच्या दुकानात उभी होती.

"काकूंना माऊस कशासाठी हवाय?" दुकानदाराने भाचीला विचारलं.

"काकू समोरच आहेत. त्यांनाच विचारा की!"

मावशीने पिशवीतून लॅपटॉप आणि टॅबलेट काढून काउंटरवर ठेवले. दोन्हींकडे बोट दाखवलं आणि मग एकच बोट वर केलं.

"अच्छा! यंत्रं दोन, माऊस एक. सोपं आहे. लॅपटॉपला हा एवढासा रिसिव्हर लावायचा. टॅबलेटला तो लावायला जागाच नाही, म्हणून त्याला ब्लूटूथ. माऊस दोघांनाही ओळखतो, पण एका वेळी एकाचंच ऐकतो. कोणाचं ऐकायचं, ते या बटणाने ठरवायचं."

पहिल्या माऊसचं बटण पोटाखाली होतं. मावशीने तो उचलला, उलटा केला, बटण शोधेपर्यंत हात थरथरला आणि माऊस काउंटरवर आपटला. दुसऱ्याचं बटण अंगठ्याखाली होतं. तिच्या नकळत अंगठा दाबला गेला आणि टॅबलेटवरचा बाण लॅपटॉपवर निघून गेला. भाचीने तोही बाजूला सरकवला. वर्गात असं झालं तर?

तिसऱ्याचं बटण वरच्या बाजूला होतं, चाकाच्या मागे. मुद्दाम बोट नेल्याशिवाय ते दाबलं जात नव्हतं. शिवाय लॅपटॉपसाठी पांढरा दिवा आणि टॅबलेटसाठी निळा. मावशीने चार-पाच वेळा इकडून तिकडे करून बघितलं. हात कुठेच चुकला नाही. तिचा चेहरा खुलला.

"यात दोन प्रकार येतात," दुकानदार म्हणाला. "एक साधा, एक बिनआवाजाचा."

"बिनआवाजाचा द्या," भाची ताडकन म्हणाली. सकाळीच शाळेच्या व्हरांड्यात तिने एका पोराच्या तोंडून ऐकलं होतं, "ए, टकटकबाई आल्या!" ते तिला फार लागलं होतं. जुन्या माऊसच्या टकटक आवाजावरून मुलं मावशीची चेष्टा करतात, आणि आज ती मुख्याध्यापिकांसमोरही करणार?

मावशीने बिनआवाजाचा माऊस दाबून बघितला. पुन्हा दाबला. मग तिचा हात साध्याकडे गेला.

"मावशी, उगाच घोळ घालू नकोस. घंटा होईल आता."

मावशीने घड्याळाकडे बघितलं, होकारार्थी मान हलवली आणि बिनआवाजाचाच घेतला.

तास सुरू झाला. मुख्याध्यापिका शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. भाची दारात उभी राहिली. पांढरा दिवा. पडद्यावर मातीत पुरलेली घेवड्याची बी आली. बटण, निळा दिवा. माऊस अगदी शहाण्यासारखा वागत होता. मावशी शब्द निवडू लागली.

वर्गात शांतता होती. पण ती जरा लांबली, आणि मग मुलांची चुळबुळ सुरू झाली.

"बंद पडलं वाटतं," कोणीतरी म्हणालं.

"बाई, पाणी पिऊन येऊ?"

"बाई, हा माझं रबर देत नाही!"

टॅबलेट बोलला, "बीला काय काय..." पुढचं गलक्यात बुडालं. मावशीने पुन्हा वाक्य जुळवायला घेतलं. पुन्हा तीच शांतता, पुन्हा गलका. पहिल्या बाकावर एक पोरगा होता. आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. तो डोळे बारीक करून बाईंच्या हाताकडे बघत होता.

भाचीने टाचा उंचावून माऊसचा निळा दिवा बघितला. माऊस तर चालतोय, मग चुकतंय कुठे? मागे खुर्ची सरकली. मुख्याध्यापिका उठत होत्या. त्या पुढे येणार, बाईंच्या वतीने बोलणार, आणि विषय तिथेच संपणार.

मावशी थांबली. तिने माऊसकडे बघितलं, मग मुलांकडे. डाव्या हातात पेन्सिल घेतली. उजव्या हाताने एक शब्द निवडला आणि त्याबरोबर पेन्सिल टेबलावर आपटली.

टक.

दुसरा शब्द. टक.

"गप्प बसा रे!" भोंगा ओरडला. "बाई बोलतायत!"

वर्ग चिडीचूप. टक. टक. मुलं पुढे झुकून ऐकत होती, जणू वाक्य त्या आवाजातच घडत होतं. भाची दाराला टेकली. ज्याला ती चेष्टा समजत होती, ते तर मावशीचं बोलायला तोंड उघडणं होतं. तेच तिने आज दुकानात बंद करून टाकलं होतं.

मुख्याध्यापिका मध्येच काही म्हणायला गेल्या. भोंग्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी तोंड मिटलं आणि त्या उभ्याच राहिल्या.

"बीला उगवायला काय काय लागतं?" टॅबलेटने विचारलं.

वीस हात वर झाले. पाणी! ऊन! माती! एकीने "झोप" सांगितलं. मावशीच्या पेन्सिलीची टकटक झाली आणि टॅबलेट म्हणाला, "हेही खरं. बी मातीत झोपलेलीच असते." पोरगी लाजून लाल झाली.

तास रंगात आला, तशा मुख्याध्यापिका बाकांमधून पुढे आल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ग्रंथालयासाठी मी दुसरं कोणीतरी बघते."

मावशीने माऊसवर हात ठेवला. टक. टक. टक. मुख्याध्यापिका हात बांधून थांबल्या, मुलांसारख्याच.

"अजून तास संपला नाही," टॅबलेट म्हणाला. "बसा."