ठिगळांची झोळी

"झोळी जाणार नाही," आजी म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

"अगं, मी शब्द दिलाय त्यांना."

इथेच घोडं अडलं होतं. आजोबा तरुणपणी युद्धनौकेवर खलाशी होते आणि त्यांच्या आठवणी न्यायला संग्रहालयाच्या बाई दुपारी यायच्या होत्या. पत्रं द्यायला आजींची ना नव्हती. लढाई पेटलेली असताना आलेल्या प्रत्येक पत्रात हेच: मी मजेत आहे, झोप छान लागते, काळजी नसावी. टोपी, शिट्टी, पितळी बटणं त्यांनी स्वतः घासून लख्ख केली होती. पण आजोबा जहाजावर जिच्यात झोपत, त्या झोळीचं वेगळं होतं. लोक युद्धावरून पदकं आणतात, यांनी अंथरूण आणलं, असं त्या सगळ्यांना सांगत. जहाजावर शेजारची झोळी एकदा रिकामी झाली आणि त्यानंतर आपल्याला धड झोपच लागली नाही, हे आजोबांनी घरी आल्यावर एकदाच सांगितलं होतं. म्हणून तर आजींनी हट्टाने आपली मुलं त्या झोळीत निजवली, मग नातवंडं. आता नातसून तान्ही पणती घेऊन कालच घरी आली होती.

बाई आल्या. पत्रांना हात लावण्याआधी त्यांनी हातमोजे चढवले, तेव्हा आजींना हसू आवरेना. ती पत्रं इतकी वर्षं पिठाच्या डब्यामागे पडलेली. मग झोळी उलगडली. एका टोकाला पडद्याचं ठिगळ, मधे शाळेच्या गणवेशाचं, आणि एक नवंकोरं, लालभडक. मूळ रूपात असती तर घेतली असती, बाई अवघडून म्हणाल्या.

त्या गेल्यावर आजोबांनी लाल ठिगळावर बोट ठेवलं. "हे कधी फाटलं होतं?"

"फाटलं नव्हतं."

आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. शब्दही राहिला, झोळीही राहिली.

आत पणतीने सूर लावला तसे ते दोरी घेऊन उठले. हल्ली त्यांची बोटं थरथरत, शर्टाची बटणंसुद्धा आजीच लावून देत. पण दोरी हातात येताच बोटं आपसूक चालली. गाठ बसली, त्यांनी ती ओढून पाहिली. नातसुनेने बाळाला झोळीत ठेवलं. चार झोके मिळाले आणि रडं थांबलं.

आजोबा वाकून पाहत राहिले.

"झोप छान लागते," ते हळूच म्हणाले.

या वेळी आजींनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.