अल्लाल उस्तादांची मान

या, असे जवळ सरका. चहाचा पेला हातात धरा आणि भिंतीला टेकून बसा. मान अवघडली तर लक्ष तिकडेच जाईल, आणि आजची गोष्ट मानेचीच आहे. शुक्रवारी दर्ग्यात मी गाऊन प्रवचन करतो, तेव्हा पीरांच्या कथा सांगतो. आज एका संशयी माणसाची सांगतो. त्या संशयात माझाही वाटा होता, तो लपवणार नाही.

आपल्या दर्ग्याच्या कारंज्यामागे जी नक्षीची भिंत आहे ना, ती अल्लाल उस्तादांनी बसवली. झिलईच्या फरशीचे नखाएवढे तुकडे हातोडीनं छाटायचे आणि जमिनीवर एकेक करून पालथे मांडायचे. रंग खाली, माती वर. सगळी नक्षी मांडून झाली की पाठीवर चुना-सिमेंट ओतायचं आणि फळा उलटा करायचा. तोवर कारागिराला स्वतःचं काम दिसत नाही. जे उजवीकडे जायचं ते तो डावीकडे मांडतो. उस्तादांनी हे चव्वेचाळीस वर्षं केलं, तेही मांडी घालून, मान गुडघ्यांत घातल्यासारखी वाकवून.

ही भिंत चालू होती त्या वर्षी मानेनं संप केला. पाव तास वाकले की उजव्या खांद्यापासून कानामागे आग व्हायची. ईदे मिलादपर्यंत भिंत पूर्ण झाली नाही तर यंत्रानं कापलेल्या फरशा बसवू, असं दर्ग्याच्या विश्वस्तांनी बजावलं होतं. आपल्या हातानं ती भिंत पुरी करायची, एवढीच उस्तादांची इच्छा होती.

त्यांचा पुतण्या झुबेर, वय तिशीचं, त्यांना सरकारी दवाखान्यात व्यायामवाल्या गिझलानबाईंकडे घेऊन गेला. आणि तिथून संशय सुरू झाला.

"तुहामी, तुला खरं सांगू?" उस्ताद मला म्हणाले. "ती बाई डोक्याला तळहात लावायला सांगते. म्हणे डोकं हाताला रेटा, हात डोक्याला रेटा, आणि कुणी हलायचं नाही! दहा आकडे मोजायचे. हा व्यायाम आहे की सासू-सुनेचं भांडण?"

"डॉक्टर लोकांचं काही तरी असेल, उस्ताद."

"डॉक्टर गोळी देतो. ही कागद देते."

कागद मीही पाहिला. दोन चित्रं, दोन्हींत पाठमोरा माणूस. पहिल्यात एक तळहात कानाच्या वर टेकलेला, खाली लिहिलेलं 'दिवसातून तीन वेळा'. दुसऱ्यात दुसरा हात, खाली 'एक वेळा'.

पुढच्या आठवड्यात गिझलानबाई उस्तादांच्या कारखान्यात आल्या. झुबेरनंच बोलावलं होतं. उस्ताद ज्यावर बसतात त्या मेंढीच्या कातड्यापासून कामाच्या जमिनीपर्यंत त्यांनी फितीनं माप घेतलं, उस्तादांचा बसलेला फोटो काढला आणि झुबेरला विचारलं, "किती तास बसतात?" झुबेर म्हणाला, "उठवल्याशिवाय उठत नाहीत."

त्या गेल्यावर उस्तादांनी हातोडी खाली ठेवली. "माझ्या बैठकीचं माप घेते. कशाला? माझ्या जागी बसणाऱ्याला नीट बसता यावं म्हणून?"

"काका, काय बोलताय!" झुबेर म्हणाला.

"बोलतोय ते ऐकू आलं ना? मग झालं."

मी त्यांना समजावायला हवं होतं. पण एकदा ते दवाखान्यात गेलेले असताना मी कारखान्यात डोकावलो, तर झुबेर त्यांच्या कातड्यावर बसलेला. मला पाहताच झटकन उठला, पायानं एक फळी मागे सरकवली. माझ्याही मनात पाल चुकचुकली. दर्ग्यात बसून मी लोकांना सांगतो की दुसऱ्याबद्दल वाईट कल्पना करू नका. त्या दिवशी मीच केली. अल्ला माफ करो.

सहा आठवडे झाले. उस्ताद नियमानं व्यायाम करत होते, कारण नेम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण दुखणं घटायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना पसरलं. भिंतीचा शेवटचा हातभर भाग मांडायचा राहिला होता, ईद पंचवीस दिवसांवर आली होती.

"आता पटलं?" ते म्हणाले. "दोघांचं संगनमत आहे. मान मोडून मला घरी बसवायचं. चल माझ्याबरोबर. तिच्या तोंडावर विचारतो, साक्षीदार म्हणून तू बस."

गेलो. खोलीत एक लाकडी पलंग, भिंतीला आरसा. गिझलानबाई चाळिशीच्या, थकलेल्या डोळ्यांच्या. उस्तादांनी बसायच्या आधीच विचारलं, "बाई, माझ्या पुतण्यानं तुम्हाला काय सांगून ठेवलंय?"

त्या रागावल्या नाहीत. "ते नंतर, बाबा. आधी व्यायाम करून दाखवा. दिवसातून तीनदा करता तो."

उस्तादांनी कागद पलंगावर पसरला, त्यावर वाकले आणि डावा तळहात डाव्या कानावर टेकवला.

बाईंनी भुवया चढवल्या. "हा एकदा करायचा. तीनदा उजवीकडे. तुमची उजवी बाजू कमजोर आहे."

"कागदात डावीच आहे."

"चित्र बघा बाबा, कुठला हात आहे?"

"दिसतो उजवा. म्हणजे डावा. पालथं असतं ना!" उस्ताद चिडले. "वरून दिसतं त्याच्या उलट खरं असतं, एवढं तर आमच्याकडच्या नव्या शिकाऊलाही कळतं."

बाईंना काही उमगलं नाही. मला उमगलं, आणि हसावं की रडावं तेच कळेना. मी बाईंना आमच्याकडच्या पालथ्या फरशीकामाची रीत सांगितली. सांगत असताना उस्तादांचा हात कानावरून हळूहळू खाली आला.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "बाहेर रांग होती म्हणून मी कागद देऊन मोकळी झाले. एकदा करवून घ्यायला हवं होतं." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. "हातोडी कुठल्या हातात धरता?"

उस्तादांनी उजवा हात उचलला.

"आजपासून डावं-उजवं नाही. हातोडीचा हात तीनदा. दुसरा हात एकदा. आणि पाव तास काम झालं की उठून उभं राहायचं."

"आणि माझ्या बैठकीचं माप?"

"झुबेरनं दाखवलं नाही? जमिनीऐवजी उंच पाटावर नक्षी मांडली तर मान एवढी वाकणार नाही. तो पाट बनवतोय. तुम्ही नसताना तुमच्या कातड्यावर बसून उंची बघतो. तुम्ही रागवाल म्हणून घाबरला होता."

परतीच्या वाटेवर गल्ली संपता संपता उस्ताद म्हणाले, "पाट चांगला केला असेल तर ठीक. तरी त्याच्यावर एक डोळा ठेवीनच." पण कारखान्यात शिरताच त्यांनी झुबेरच्या डोक्यावर हात ठेवला. हातोडीचा.

दुखणं एकदम गेलं, असं सांगितलं तर खोटं होईल. पहिले आठ दिवस काहीच फरक नव्हता. मग पाव तासाचा अर्धा तास झाला. पाटावर शेवटचा हातभर भाग पालथा मांडून झाला तो ईदच्या दोन दिवस आधी. सहा जणांनी फळा उलटा करून भिंतीवर चढवला. एकही तुकडा चुकला नव्हता. उस्तादांनी आधी खालची रांग पाहिली, मग सावकाश मान वर केली, पार नक्षीतल्या वरच्या ताऱ्यापर्यंत, आणि तिथेच ठेवली. मला गायला सांगितलं. मी गायलो, आवाज फाटला तरी गायलो.

कारागीर भिंतीवर नाव लिहीत नाहीत. गिझलानबाईंची बदली पुढच्याच वर्षी दक्षिणेला कुठेशी झाली, त्यांचं नाव तर कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, उद्या त्या कारंज्यावर तोंड धुवाल, आणि मान खाली जाऊन न दुखता वर येईल, तेव्हा दुवेसाठी दोन हात उचलून त्या बाईंची आठवण काढा.