हीलर कोण होणार?

"मी फायटर, हा विझार्ड आणि तू हीलर," दादाने जाहीर केलं, तेव्हा ती अजून दारात चपला काढत होती.

ती नर्स. रविवार असूनही सकाळची ड्यूटी उरकून थेट दादाकडे आली होती. दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर चौघं फासे टाकत कल्पनेतल्या साहसाचा खेळ खेळत. दादा, त्याचा गॅरेजवाला मित्र आणि ती एका टोळीतली पात्रं व्हायची. वाटेतली भुयारं, राक्षस, वादळं उभी करायचा सगळा कारभार वहिनीकडे. आज नवी मोहीम निघणार होती.

"मला कोणी विचारलं?" ती म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? तू नर्सच आहेस की. तिघांच्या टोळीत बरं करणारं कुणीतरी लागतंच."

तिच्या डोक्यात सणक गेली. आठवडाभर लोकांच्या जखमा बांधायच्या आणि सुट्टीच्या खेळात ह्याच्या! मागच्या मोहिमेत हा बहाद्दर एकटाच गुहेत घुसला, ती बाहेर उघड्यावर राहिली आणि लांडग्यांनी तिच्या हीलरचा फडशा पाडला. त्यावर हा काय म्हणाला? "अगं, पण आपण जिंकलो ना!"

"एवढं लागतं, तर तू हो हीलर."

"मी? छे! मागे उभं राहायचं ते कंटाळवाणं काम."

"कंटाळवाणं?" तिचा आवाज चढला. "म्हणजे तुला ठाऊक होतं! ठाऊक असून दर वेळी माझ्या गळ्यात मारलंस?"

मित्र खिडकीबाहेर बघू लागला. दादाने आशेने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" वहिनी म्हणाली. "ज्याचं पात्र त्याने निवडायचं."

तिने फायटर घेतली. दादाही हट्टाने फायटरच राहिला. हीलर कुणीच नाही.

पहिल्याच पुलावर राक्षस आडवा आला. दादा नेहमीसारखा कुणाला न विचारता धावला आणि एका तडाख्यात पुलावरच कोसळला. ती त्याच्यावर ढाल धरून उभी राहिली. मित्राच्या विझार्डचे मंत्र संपले. तिने जीव खाऊन राक्षसाला नदीत ढकललं, पण तोवर दादाचा फायटर संपला होता.

"बघ! हीलर असती तर वाचलो असतो!"

"आणि माझी हीलर मेली, तेव्हा तू मागे वळून तरी पाहिलंस का रे?"

दादा फासा बोटांत फिरवत बसला.

"नवं पात्र कोणतं घेतोस?" वहिनीने विचारलं.

"पाहिजे तर मी हीलर..." मित्र पुटपुटला.

"तू राहू दे. मीच होतो," दादा म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "तुझ्यासाठी हं."

"माझ्यासाठी नाही! टोळीला लागतं म्हणून. तुझे उपकार नकोत मला."

"बरं बाई. टोळीला लागतं म्हणून."

तिचे कान अजून तापलेलेच होते. एवढ्याशा वाक्यासाठी केवढं भांडावं लागलं!

"चला," वहिनी म्हणाली. "पुलापलीकडे अंधारी वाट आहे. पुढे कोण?"

"मी," ती म्हणाली आणि तिने फासे ओढून घेतले.