पेंढ्यातली डॉज

“दार नका उघडू, गुरजी,” धोंडीबाई म्हणाली आणि मोटारीच्या मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

मधु महाले गुरुजींचा हात हवेतच राहिला. पुढे भावेश मेकॅनिकने दुरुस्त केलेलं हेड बसवलं होतं, इंजिन एका दमात सुरू झालं होतं आणि गुरुजींच्या तोंडावर लग्नघरचं हसू होतं. उद्या जव्हारच्या मैदानात जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं. मुंबई-नाशिकहून गाड्या येणार, परीक्षक येणार. निवृत्तीनंतरचा सगळा जीव गुरुजींनी या म्हाताऱ्या अमेरिकन डॉजमध्ये ओतला होता.

“का गं? साप शिरलाय काय आत?”

“साप असता तर हाकलला असता.”

दिवाळी सरल्यावर गुरुजी नाशिकहून नवा रंग, नव्या लाल सीटा करून गाडी घरी नेत होते. मोखाडा सोडला आणि त्यांनी स्वतःच बसवलेला रबरी पाइप फुटला. इंजिन तापून हेड वाकलं आणि गाडी धोंडीबाईच्या पाड्यापाशी बसली. पाडा रिकामा होता. मुलगा, सून, शेजारपाजार, सगळी वीटभट्ट्यांवर गेलेली. म्हातारी तेवढी मागे. गाडी तिच्या अंगणात ढकलून गुरुजींनी विचारलं, “सांभाळशील?”

“जशी ठेवता, तशी देईन,” ती म्हणाली होती.

आणि तिने सांभाळलीही. मोटारीच्या नाकावर चांदीसारखा मेंढा होता. त्याची शिंगं ती रोज सकाळी पदराने पुसायची. मोटारीचा मागचा भाग गाभण म्हशीसारखा भरलेला होता, दार लावलं की जात्याचा वरचा दगड ठेवल्यासारखा जड आवाज यायचा. तो आवाज ऐकायला ती कधी कधी उगाच दार उघडून लावायची. आत मात्र एकदाही बसली नाही. मागच्या दाराला काच बसायची होती आणि रात्री दहिवर पडायचं. लाल सीट भिजली तर? धोंडीबाईच्या घरात जे जपायचं ते पेंढ्यात जायचं. आंबे पेंढ्यात, मडकी पेंढ्यात. तिने झोडणीचा नवाकोरा पेंढा आणून मागची सीट काठोकाठ भरली आणि काचेच्या जागी गोणपाट टांगलं.

आता ती बाजूला झाली. गुरुजींनी गोणपाट उचललं. पेंढ्याच्या मधोमध एक तांबडी कोंबडी पिसं फुलवून बसली होती. इंजिन धडधडत होतं तरी ती जागची हलली नव्हती. गुरुजींकडे तिने असं पाहिलं की त्यांनी मान मागे घेतली.

“धोंडीबाय, माझ्या गाडीची अंगणवाडी केलीस होय?”

“पावसात कोंबड्यांवर मर आली, गुरजी. सगळ्या गेल्या. कोंबडा आन ही एक, दोघंच राहिली. मध्यंतरी दिसंना, म्हटलं मुंगसानं नेली. पेंढा हलवायला गेले, तर ही अंड्यांवर खुडूक बसलेली. उठवली तर परत बसायची नाय. अंडी वाया जातील.”

“मला सांगायचंस तरी.”

“कुठल्या तोंडानं सांगू? शब्द दिला होता ना.”

भावेश हात पुसत आला. “गुरुजी, परीक्षक आतल्या सीटाबी बघतात. घाला तिला टोपलीत आन चला.”

धोंडीबाईनेच घरातून टोपली आणली. शब्द तो शब्द. तिने कोंबडीखाली हात घातला. कोंबडीने मनगटावर चोच मारली. पहिलं अंडं बाहेर काढून तिने सवयीने कानाला लावलं आणि तशीच थांबली. मग ते गुरुजींपुढे धरलं.

गुरुजींनी कानाला लावलं. आत बारीक टकटक चालली होती.

“ठेव परत,” ते म्हणाले.

“बक्षीस गेलं समजा,” भावेश म्हणाला.

“गेलं तर गेलं. पण धोंडीबाय, तुला यावं लागेल. ही बया मला जवळ येऊ द्यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीबाई धुतलेलं लुगडं नेसून मागच्या सीटवर पेंढा थोडा सारून त्याला खेटून बसली. गुरुजींनी गाडी बैलाच्या चालीने हाकली. “जरा रेटा की,” मागून जीपवाले ओरडले. गुरुजींनी त्यांना हाताने पुढे जायची खूण केली.

मैदानात एकेक मोटार म्हणजे नवरीच. एक पांढरी शेवरोले इतकी लांब, की अर्धं वऱ्हाड मावावं. एकीला मागे माशासारख्या शेपट्या. मालक मऊ फडक्याने त्यांना पुसत होते, भोवती दोऱ्या बांधलेल्या, आणि बाजारकरी माणसं हात पाठीमागे बांधून लांबूनच बघत होती. डॉजभोवती दोरी नव्हती. तिथेच गर्दी झाली.

“कुठली गाडी ही, मावशी?”

“अमेरिकेची हाय. हळू बोल, पोरं निघतायत.”

परीक्षक आले. एकाने वाकून आत पाहिलं, पेंढ्याकडे बोट दाखवलं. “हे मूळचंच का?”

“नाय,” धोंडीबाई म्हणाली. “आमच्या शेतातलं.”

तो हसला, कागदावर काहीतरी खरडून पुढे गेला. चषक पांढऱ्या शेवरोलेला मिळाला. टाळ्या संपल्यावर धोंडीबाईने खिडकीतून हळूच विचारलं, “माझ्यामुळं गेलं ना, गुरजी?”

गुरुजी चष्मा पुसत उभे होते.

“तिला चषक मिळाला,” ते म्हणाले. “पण तिला पोरं झाली का?”

शेवटी सगळ्या मोटारींची बाजारपेठेतून फेरी निघाली. पुढच्या गाड्यांचे भोंगे वाजत होते. डॉज सर्वांत मागे, मुकाट. धान्याच्या दुकानापाशी ओळखीच्या बायका उभ्या होत्या. त्यांतल्या रखमीने तिला ओळखलं आणि ती गाडीबरोबर चालू लागली.

“धोंडे, राणीसारखी बसलीस की. अगं, हात तरी हलव.”

पहिली निघालेली पिल्लं कोंबडीखालून काढून घ्यावी लागतात, नाहीतर ती उरलेली अंडी सोडून उठते. धोंडीबाईच्या ओटीत दोन ओली पिल्लं होती आणि तिचे दोन्ही हात त्यांच्यावर झाकलेले होते. तिने रखमीकडे पाहून नुसती मान हलवली, आणि मग गावाबाहेर पडेपर्यंत ती ताठ बसून समोर बघत राहिली.